पाणी येण्याची वेळ

पहाटे पाच चाळीसला नळ आधी खोकतो,
मग नुसती हवा सोडतो,
मग वैतरणा येते.

मी बादली लावते.
चौथा मजला, भांडुप पश्चिम, जानेवारी.
सहा महिन्यांपूर्वी हिनेच मला
खोडाळ्याच्या खाली, एका वळणावर,
उलटं करून अकरा आकडे मोजेपर्यंत धरून ठेवलं होतं.
आता मुकाट बादलीत चढते,
कडीपाशी येऊन थांबते.
क्लोरीनचा वास.

कयाक गच्चीवर आहे, टाकीच्या सावलीत.
सेक्रेटरी वागळ्यांच्या नोटिशीत ती "अनधिकृत वस्तू",
वॉचमनच्या तोंडी "मॅडम की नाव",
तिसऱ्या मजल्यावरच्या ओजसला विचाराल तर पाणबुडी.
एरवी पालथी असते.
डिसेंबरात जरा हवा लागू दे म्हणून उताणी ठेवली
तर एका करड्या मांजरीने
बसायच्या खोबणीतच तीन पिल्लं घातली.
तेव्हापासून मी नुसतीच वर जाऊन बघून येते.
वागळेही येतात. हातात दुधाची वाटी.
नोटिशीचा विषय दोघंही काढत नाही.

खांदा ऑगस्टात निखळला होता.
निगार मिस्त्री म्हणते, बोटं भिंतीवर चढव, पालीसारखी,
आठवड्याला एक फरशी वर.
माझी सातवी चालू आहे.
"दहावी आली की वल्हं देईन हातात," म्हणते,
आणि पाठीमागच्या गाठीवर अंगठा असा रोवते
की मी पारशी शिव्या शिकत चाललेय.

संध्याकाळी सोफा सरकवून जमिनीवर बसते,
पाय भिंतीला टेकवून, डोळे मिटून,
कमरेचा तो एक झटका,
ज्याने बुडालेलं माणूस पुन्हा वर येतं.
खालून घाटपांडे बाईंचा फोन:
काय पडलं हो?
मीच, म्हणते. रोजचंच.

परवा इनास वसईहून जाऊन आला नदीवर.
फोटो पाठवलेत एकवीस.
पाणी असं नाहीच. दगड,
आणि दगडांवर जुलैची राहिलेली मातकट रेघ.
ज्याला आम्ही मामलेदार म्हणायचो,
ज्याच्या पायाशी पाणी माघारी वळायचं,
जो हेलपाट्यांशिवाय कुणाला सोडायचा नाही,
तो उभा आहे तिथे, कोरडा.
माझ्या कमरेलाही लागला नसता.
त्याच्यावर कुणीतरी गोधडी वाळत घातलीय.

ऑफिसात, पाणीपट्टीच्या थकबाकीच्या फायलींवर,
मी तो फोटो बोटांनी ताणत राहिले.
मोठा, आणखी मोठा,
लाज वाटेपर्यंत.
मग एका चाळीचं बिल पुढे ओढलं:
पाचशे त्र्याऐंशी हजार लिटर, तिमाही.
मनात हिशेब केला, सवयीने,
एवढं पाणी मामलेदाराच्या अंगावरून
किती वेळात जातं पावसाळ्यात?
दहा-पंधरा सेकंद. फार तर वीस.
तेवढ्यात त्या चाळीतल्या साऱ्यांनी
तीन महिने अंघोळी केल्या,
वरणाला फोडण्या दिल्या,
एक बारसं उरकलं असेल, एक दहावा.
मी शिक्का मारला.

आज सात वाजून दहाला नळाने पुन्हा हवा ओढली.
पिंप भरलं, हंडा भरला, कुकरसुद्धा.
एक वाटी उरली हातात.
वर गेले. गच्ची गार, ऊन अजून कांजूरच्या मागे.
पिल्लांचे डोळे उघडलेत,
त्यातलं एक सारखं काठावर चढतं आणि घसरतं.

बोटीत पाणी येऊ द्यायचं नाही,
हा पहिल्या दिवशी शिकवलेला नियम.
मी वाटी खोबणीत ठेवली.
मांजरीने माझ्याकडे पाहिलं, मग वाकली.
जिभेगणिक एक लहानशी लाट
काठापर्यंत जायची, परत फिरायची.

मी उजवा हात वर नेला,
टाकीच्या भिंतीवर,
दुखेल तिथपर्यंत.